आधी जेवणाची गल्ली, मग राजवाडा

लिस्बनमध्ये दुपारी साडेबारा ते अडीच या वेळात आपण कुठल्या भागात असणार, एवढं आदल्या रात्री ठरवून झोपा. चर्च, किल्ला, म्यूझियम त्याच्या अलीकडे-पलीकडे बसवा. बहुतेक मंडळी नेमकं उलटं करतात. सकाळी नऊपासून ठिकाणांची रांग लावतात, अडीच वाजता कडकडून भूक लागते, आणि मग समोर दिसेल त्या, सहा भाषांतला फोटोवाला मेनू टांगलेल्या हॉटेलात शिरून वीस-पंचवीस युरोंना गार झालेला भात खातात. रात्री म्हणतात, युरोपात खाण्याचे फार हाल होतात बुवा.

हाल होतात ते वेळ चुकल्यामुळे. पोर्तुगालमध्ये सामान्य माणसाचं खरं जेवण दुपारचं. ऑफिसातले कारकून, गवंडी, बँकेतल्या बायका साडेबारा-एकला गल्लीतल्या छोट्या खानावळीत येतात. या खानावळीला तिथे ‘ताश्का’ म्हणतात. दारावर किंवा काचेवर कागद चिकटवलेला असतो, त्यावर हातानं लिहिलेले त्या दिवसाचे दोन-चार पदार्थ. हे ‘प्रातू दु दिया’, म्हणजे आजचं ताट. साधारण दहा ते पंधरा युरोंत मुख्य पदार्थ, पुष्कळदा सोबत सूप किंवा कॉफी. पदार्थ संपला की त्यावर काट मारतात. दोनला गेलात तर चांगलं ते संपलेलं असतं, तीनला स्वयंपाकघर बंद. संध्याकाळी साडेसातच्या आत जेवण मिळेल ते फक्त पर्यटकांसाठी उघड्या असलेल्या जागी. रविवारी बऱ्याच ताश्का बंद असतात, तेव्हा लांबच्या सहलीसाठी रविवार उत्तम.

युरोपच्या पहिल्या स्वतंत्र सहलीसाठी मी पोर्तुगाल का सुचवतो, तर तो आटोपशीर आहे. बारा दिवसांत सात देश बघणाऱ्या बसमधून उतरल्यावर माणसाला आठवतात ती महामार्गावरची स्वच्छतागृहं. त्याच दिवसांत एकच देश घ्या: लिस्बनला पाच मुक्काम, पोर्तोला तीन, एव्होराला एखादा. रेल्वे सरळ आहे, पश्चिम युरोपच्या मानानं खिशाला परवडतं, आणि जेवणात लसूण, कोथिंबीर, मिरची, भात हे सगळं आहे. शुद्ध शाकाहाऱ्यांसाठी मात्र हा देश सोपा नाही. ते आधीच सांगतो, आणि तोडगाही सांगतो.

टेबलावर बसल्यावर

तुम्ही काही मागवायच्या आत वेटर पाव, ऑलिव्ह, लोणी, कधी चीजचा तुकडा, कधी माशाच्या पेस्टची छोटी डबी आणून ठेवतो. हे ‘कूवेर’. ते पाहुणचाराचं नाही, त्याचे पैसे लागतात. पण घेतलंच पाहिजे असंही नाही. न मागितलेल्या आणि हात न लावलेल्या वस्तूचे पैसे लावता येत नाहीत, असा तिथला कायदा आहे. नको असेल तर हसून परत द्या, कोणी नाक मुरडत नाही. माझ्या मते पाव आणि ऑलिव्ह ठेवून घ्यावेत. पाव फार चांगला असतो, आणि दीड-दोन युरोंत मुलं शांत बसतात.

मेनूवर एकाच पदार्थाच्या दोन किमती दिसतील, ‘दोज’ आणि ‘मेया दोज’. मेया म्हणजे अर्धं. पूर्ण दोज दोघांना पुरून उरतो, त्यामुळे चौघांनी चार पूर्ण ताटं मागवायची चूक करू नका. दोन दोज, एक सूप, एक सॅलड पुष्कळ झालं.

ताजा मासा बऱ्याच ठिकाणी किलोच्या भावानं असतो. पाटीवर दिसणारा आकडा एका माशाचा नसून किलोचा आहे, हे लक्षात न घेता मागवलेल्या माशाचं बिल बघून भल्याभल्यांचा घास अडतो. मासा निवडा, वजन करून किती होईल ते विचारा, मग हो म्हणा. असं विचारणं तिथे रोजचंच आहे.

साधं पाणी मागितलं तर बाटली येते. नळाचं पाणी पिण्याजोगं असतं, तेव्हा ‘आग्वा द तुर्नेरा’ मागा. कॉफी काउंटरशी उभ्यानं प्यायलात तर साधारण युरोभरात होते, बाहेर चौकातल्या खुर्चीवर बसलात की भाव चढतो. टिपेची सक्ती नाही; सुटे ठेवले तरी चालतात. बिल आपणहून येणार नाही, मागावं लागतं: ‘आ कोंता, पुर फावोर.’ आभार मानताना पुरुषांनी ‘ओब्रिगादू’ म्हणायचं आणि बायकांनी ‘ओब्रिगादा’.

शाकाहाऱ्यांनी काय करायचं

‘मी व्हेजिटेरियन आहे’ एवढं सांगून भागत नाही, कारण मांस नाही म्हटल्यावर लिस्बनचा वेटर प्रेमानं मासा सुचवतो. सरळ सांगा: ‘सें कार्न, सें पेश’, मांस नको, मासा नको. अंडं चालत नसेल तर ‘सें ओवू’ जोडा. तरीही तीन गोष्टी नजरेआड राहतात. एक, सूप मांसाच्या पाण्यात शिजवलेलं असू शकतं. दोन, कडधान्यांत सॉसेजचा तुकडा चवीपुरता पडलेला असतो. तीन, डुकराची चरबी. तिचं नाव ‘बान्या’, आणि ती पावात आणि मिठाईतही सापडते.

आता खायचं काय ते सांगतो. ‘पैशिन्युश द ओर्ता’ हा माझा पहिला सल्ला. नावात मासा आहे, ताटात नाही. फरसबीच्या शेंगा पिठात बुडवून तळतात, आपली घेवड्याची भजीच. पोर्तुगीज मिशनरी आणि व्यापारी सोळाव्या शतकात जपानला गेले, तेव्हा हीच तळणाची रीत तिकडे पोचली आणि तिचा पुढे तेंपुरा झाला, असं मानतात. कॅथलिक उपवासाच्या दिवसांत मांस चालत नसे, त्या सोयीतून हे पदार्थ रुजले. शेंगा गरम हव्यात. गार आल्या तर तेलकट लागतात.

‘काल्दु वेर्द’ हे बटाट्याचं दाट सूप, त्यात केसासारखी बारीक चिरलेली हिरवी पानं. वर शूरिसू नावाच्या सॉसेजची एक चकती तरंगत असते. ती घालू नका असं सांगता येतं, पण सूप शिजतानाच सॉसेज आत गेलं होतं का, हे विचारावं लागतं. नुसतं ‘सोपा द लेगूमश’, भाजीचं सूप, जवळपास प्रत्येक खानावळीत असतं आणि बहुतेकदा बिनमांसाचं असतं. टोमॅटोचा भात, राजम्यासारख्या दाण्यांचा भात, पालकाचं घोटलेलं ‘एश्पारेगादू’ हे पदार्थ माशाच्या शेजारी तोंडीलावणं म्हणून येतात. वेटरला सांगून यांतले दोन-तीन एकत्र मागवले की छान ताट तयार होतं. मेनूवर ते असं लिहिलेलं नसतं, मागावं लागतं.

अडीअडचणीला ‘तोश्ता’ आहे, म्हणजे दाबून भाजलेलं जाड सँडविच. सगळीकडे मिळणाऱ्या ‘तोश्ता मिश्ता’त हॅम असतो, म्हणून ‘सो कों केजू’, फक्त चीज, असं म्हणा. सकाळी लोण्यात निथळणारा जाड पावाचा टोस्ट आणि काचेच्या उंच पेल्यात दुधाळ कॉफी, ‘गालांव’. एवढ्या न्याहारीवर एक वाजेपर्यंत भूक लागत नाही.

चीजबद्दल एक गोष्ट शाकाहारी घरांत फारशी माहीत नसते. युरोपातली बरीच नामांकित चीज वासराच्या जठरातल्या रेनेटनं दूध फाडून करतात, आणि काटेकोर शाकाहाऱ्यांना ती चालत नाहीत. पोर्तुगालच्या डोंगरांतलं ‘सेरा द एश्त्रेला’ आणि लिस्बनजवळचं ‘आझैतांव’ ही मेंढीच्या दुधाची चीज मात्र परंपरेनं एका काटेरी रोपाच्या वाळलेल्या फुलांनी फाडतात. जांभळी फुलं पाण्यात भिजवायची, गाळायची, ते पाणी दुधात. चीज आतून इतकं मऊ होतं की वरचं झाकण कापून चमच्यानं खातात. थोडी कडसर चव आहे, पहिल्या घासाला कदाचित आवडणार नाही. पावाबरोबर पुन्हा खाऊन बघा.

जैन मंडळींना कांदा-लसूण टाळून ताश्कात जेवणं अवघड आहे. त्यांनी स्वयंपाकघर असलेली खोली घ्यावी. लिस्बनच्या मार्तीं मोनीज भागात भारतीय, बांगलादेशी, नेपाळी दुकानं रांगेनं आहेत. डाळ, तांदूळ, पोहे, मसाले सगळं मिळतं, मुंबईहून किलोकिलोनं वाहून न्यायची गरज नाही.

मासे-मटण खाणाऱ्यांसाठी

घरात सुकट-बोंबलाची सवय असेल त्यांना ‘बाकाल्याव’ परका वाटणार नाही. हा खारवून वाळवलेला कॉड मासा. पोर्तुगालच्या किनाऱ्यावर तो मिळत नाही, मुख्यतः नॉर्वेहून येतो, तरी राष्ट्रीय पदार्थ तोच. बाजारात तो पाटासारखा कडक, फळीएवढ्या तुकड्यांत रचून ठेवलेला दिसतो. शिजवण्याआधी दिवस-दोन दिवस पाणी बदलत भिजवतात. सुरुवात ‘बाकाल्याव आ ब्राश’नं करा: माशाचे धागे, काडीसारखे तळलेले बटाटे, अंडं, वरून काळे ऑलिव्ह. काट्यांची धास्ती नाही आणि मुलंही खातात. काउंटरवर मिळणारे ‘पास्तैश द बाकाल्याव’ म्हणजे मासा-बटाट्याची तळलेली लांबट वडी. एक घ्या आणि चालत चालत खा. आत चीज भरलेली, तिप्पट किमतीची जी आवृत्ती पर्यटकांच्या रस्त्यावर विकतात, तिच्या वाटेला जाऊ नका.

शिंपल्यांवर ताव मारायचा असेल तर ‘आमेजुआश आ बुल्यांव पातू’. लसूण, ऑलिव्ह तेल, मूठभर कोथिंबीर. तळाशी उरणारा रस पावानं टिपून घेतात, त्यासाठी पाव राखून ठेवा. सार्डिन मात्र उन्हाळ्यातच खा, जूनपासून पुढे. बाकीच्या महिन्यांत कोळशावर दिसणारी सार्डिन बहुधा गोठवलेली असते.

डुक्कर आणि गोमांस टाळणाऱ्यांनी चार शब्द लक्षात ठेवावेत: ‘पोर्कू’ डुक्कर, ‘प्रेझुंतू’ खारवलेला हॅम, ‘वाका’ गाय, ‘वितेला’ वासरू. कोंबडी हवी तर ‘फ्रांगू आसादू’, कोळशावर भाजलेलं आणि पिरी-पिरी मिरचीचं तेल चोपडलेलं. ते ‘शुराश्केरा’ नावाच्या दुकानांत मिळतं, बांधूनही देतात. एका कोंबडीत तिघं जेवतात.

बेलेंची सकाळ

लिस्बनचं बेलें हे नदीकाठचं उपनगर सगळेच बघतात, त्यामुळे तिथे वेळेचं गणित जमवावं लागतं. सोमवारी जेरोनिमुश मठ बंद असतो. मंगळवार ते शनिवारातला दिवस घ्या, काइश दु सोद्रे स्थानकावरून लोकल किंवा पंधरा नंबरची ट्राम पकडा, आणि मठ उघडायच्या आधी दारात उभे राहा. इथे दोन वेगळ्या रांगा असतात हे पुष्कळांना कळत नाही. चर्च विनातिकीट आहे. तिकीट लागतं ते आतल्या दुमजली कमानींच्या चौकाला. वेळ थोडा असेल तर चर्च बघा, पण कमानी चुकवल्या तर हळहळ वाटेल असं माझं मत. दगडात दोरखंड, गाठी, पोवळी, समुद्री वेली कोरलेल्या आहेत. हे बांधकाम १५०१ च्या सुमारास सुरू झालं आणि शंभरेक वर्षं चाललं. पैसा आला पूर्वेकडच्या मसाल्यांच्या व्यापारावरच्या करातून. म्हणजे मलबारची मिरी इथे दगड होऊन उभी आहे.

चर्चमध्ये शिरल्या शिरल्या वास्को द गामाची कबर लागते. तो १५२४ मध्ये कोचीला वारला. आधी तिथेच पुरला होता, पुढे अवशेष पोर्तुगालला नेले, आणि एकोणिसाव्या शतकात या चर्चमध्ये आणले. वसईचा किल्ला पाहिलेल्या माणसानं इथे थोडं थांबावं. ज्या सत्तेकडून चिमाजी अप्पांनी १७३९ मध्ये वसई घेतली, तिच्या भरभराटीच्या दिवसांची ही इमारत आहे. नदीकाठी १९६० मध्ये उभारलेलं शोधयात्रांचं स्मारक आहे. त्याच्यासमोर फरशीवर जगाचा नकाशा आहे आणि पोर्तुगीज जहाजं कुठे कोणत्या साली पोचली ते लिहिलेलं आहे. स्मारकाची भाषा गौरवाची आहे. त्या जहाजांनी पोचल्यावर काय केलं, ते नकाशावर नाही. मुलांबरोबर असाल तर ती गोष्ट तुम्ही सांगा.

आता त्या प्रसिद्ध पेस्ट्रीकडे. मठाशेजारचं दुकान १८३७ पासून ‘पास्तैश द बेलें’ विकतं. शहरात इतरत्र तोच प्रकार ‘पास्तैल द नाता’ नावानं मिळतो. मठांत अंड्याचा पांढरा बलक कपड्यांना खळ करायला वापरत, पिवळा उरे, आणि त्यातून ही सगळी पिवळ्या बलकाची मिठाई जन्मली, असं सांगतात. १८३४ मध्ये मठ बंद झाले आणि पाककृती दुकानात आली. बाहेर दिसणारी लांब रांग बहुतेकदा बांधून नेणाऱ्यांची असते. आत एकामागून एक दालनं आहेत, शेकडो खुर्च्या आहेत, आणि तिथे बऱ्याचदा लवकर जागा मिळते. आत बसा. वरून दालचिनी आणि पिठीसाखर स्वतः भुरभुरवायची. कड दाताखाली कडकडली पाहिजे आणि आतलं क्रीम कोमट हवं. बांधून नेऊन रात्री खाल्लीत तर ही पेस्ट्री साधी होऊन बसते.

अंडं न खाणाऱ्यांना ही मिठाई वर्ज्य, आणि दुर्दैवानं तिथली बहुतेक मठांची मिठाई अशीच आहे. दूध-तांदळाच्या ‘आरोज दोस’ खिरीतही कधी कधी बलक असतो, म्हणून विचारा. ‘पुदीं आबाद द प्रिश्कुश’ हे पुडिंग बघायला साधं कॅरामल कस्टर्ड, पण त्यात डुकराची चरबी हमखास. भाजलेलं सफरचंद किंवा ताजी फळं निर्धोक. मे-जूनमध्ये गेलात तर फुंदांवच्या चेरी सोडू नका.

जेवायला मठासमोरच्या रस्त्यावर बसू नका. पाठीमागे टेकडीवर आझूदा ही लोकवस्ती आहे. दहा-पंधरा मिनिटं चढलात की कागदी टेबलक्लॉथच्या खानावळी लागतात.

गुडघे, चढ आणि अठ्ठावीस नंबर

लिस्बन टेकड्यांचं शहर आहे आणि पायवाटा गुळगुळीत झालेल्या चुनखडीच्या छोट्या दगडांच्या आहेत. पावसात त्यांवरून पाय सटकतो. नवे पांढरे स्पोर्ट्‌स शूज तळ गुळगुळीत असेल तर निरुपयोगी. पकड असलेले, वापरून मऊ झालेले बूट न्या.

आई-बाबा बरोबर असतील तर किल्ल्याकडे जाण्यासाठी एक सोय वापरा, जिचा फार गवगवा नाही. खालच्या सपाट बायशा भागातल्या रुआ दुश फांकैरुश रस्त्यावर एका इमारतीत नगरपालिकेची फुकट लिफ्ट आहे. ती वरच्या गल्लीत सोडते. तिथून थोडं चाललं की शाउं दु लोरेरू इथे, तळाला सुपरमार्केट असलेल्या इमारतीत, दुसरी फुकट लिफ्ट लागते. तिनं गेलात की किल्ल्याखालच्या रस्त्याला पोचता. अर्ध्याहून जास्त चढ वाचतो.

अठ्ठावीस नंबरची पिवळी ट्राम सुंदरच आहे. पण सकाळी दहा ते संध्याकाळी सहा ती गच्च भरलेली असते आणि खिसेकापूंचं आवडतं ठिकाण आहे. सकाळी आठच्या आधी, किंवा काम्पू द ओरीक या दुसऱ्या टोकाकडून बसलात तर खिडकी मिळते. ट्राममध्ये सुटं तिकीट महाग पडतं. मेट्रो स्टेशनवर अर्ध्या युरोचं ‘नाव्हेगांत’ कार्ड घ्या, त्यात पैसे किंवा चोवीस तासांचा पास भरा. प्रत्येकाला वेगळं कार्ड लागतं, एकावर घरातल्या सगळ्यांना जाता येत नाही.

सूर्यास्ताला सेन्योरा दु मोंतचा कट्टा गाठा. पण संपूर्ण दिवसाला एकच कट्टा पुरे. असे चार कट्टे एका संध्याकाळी बघणारे लोक चारही ठिकाणी एकच फोटो काढून येतात.

लिस्बनजवळच्या सिन्त्रा गावाबद्दल थोडक्यात. रोसियू स्थानकावरून चाळीसेक मिनिटांची लोकल. पेना राजवाड्याचं तिकीट ठरावीक वेळेचं असतं. सकाळची पहिली वेळ ऑनलाइन घ्या, नाहीतर बागेचंच तिकीट काढून बाहेरून बघा. आतल्या खोल्यांत गर्दीमुळे सरकत सरकत चालावं लागतं. माझी पसंती मोन्सेरात राजवाड्याला. गर्दी कमी, बाग मोठी, आणि तिथे भारतातून आणलेली एक दगडी कमान उभी आहे. गावात ‘त्राव्हेसेरू’ ही बदामाचं सारण भरलेली लांबट पेस्ट्री गरम असताना खा. जेवायला लिस्बनला परत.

एव्होरा आणि पोर्तो

लिस्बनहून रेल्वेनं दीडेक तासावर आलेंतेजू प्रांतातलं एव्होरा आहे. रोमन देवळाचे खांब, हाडांनी आणि कवट्यांनी सजवलेलं भयाण प्रार्थनाघर, पांढऱ्या भिंती आणि पिवळ्या कडा. हे सगळं एका दिवसात होतं. मुक्काम करायचा तो जेवणासाठी. आलेंतेजू हा पूर्वापार गरीब, गव्हाचा प्रांत. शिळ्या पावाचं काय काय करता येतं, ते इथे बघावं. ‘आसोर्दा’ची कृती अशी: लसूण, जाडं मीठ आणि कोथिंबीर खलबत्त्यात कुटायची. तो हिरवा गोळा खोल वाडग्याच्या तळाशी, त्यावर ऑलिव्ह तेल. वरून उकळतं पाणी ओतायचं की सगळ्या खोलीत वास सुटतो. मग पाण्यात शिजवलेलं अंडं आणि शिळ्या पावाचे तुकडे. महाराष्ट्रातल्या माणसाला युरोपात इतकी कोथिंबीर दुसरीकडे कुठे भेटणार नाही. फक्त शाकाहाऱ्यांनी विचारून घ्यावं, कारण ते उकळतं पाणी अनेकदा बाकाल्याव शिजवलेलं असतं. जुलै-ऑगस्टमध्ये इथे पारा चाळिशी ओलांडतो, त्या महिन्यांत एव्होरा गाळा.

पोर्तोला जायला लिस्बनहून वेगवान गाडीनं साधारण तीन तास. तिकीट आधी काढलं तर बरंच स्वस्त पडतं. पासष्ट वर्षांवरच्यांना पोर्तुगीज रेल्वे निम्मी सवलत देते, त्यासाठी पासपोर्ट जवळ ठेवा. साओं बेंतू स्थानकात जाल तेव्हा लगेच बाहेर पळू नका, भिंतींवर निळ्या-पांढऱ्या सुमारे वीस हजार फरशांची चित्रं आहेत आणि त्यांना तिकीट नाही. २०२२ मध्ये दुरुस्त होऊन उघडलेली बोल्यांव मंडई सकाळी बघा. ‘दों लुईश’ पुलाच्या वरच्या मजल्यावरून चालत पलीकडे गाया गावात जा; पोर्ट वाइनची कोठारं तिथे आहेत. पिणारे दोनच चाखण्या करतील तर उतरताना पाय जागेवर राहतील. ‘फ्रांसेझिन्या’ हे पोर्तोचं मांस भरलेलं, वर चीज आणि तिखटसर रश्शात बुडवलेलं सँडविच. शाकाहारी प्रकार बऱ्याच ठिकाणी मिळतो. दोघांत एक घ्या. पोर्तोतल्या पुस्तकांच्या एका प्रसिद्ध दुकानापुढची रांग मला तरी वेळेच्या लायकीची वाटत नाही.

बॅग भरताना

युरोपीय संघाबाहेरून येणाऱ्या प्रवाशाला मांस आणि दुधाचे पदार्थ आत नेता येत नाहीत. म्हणजे पेढे, बर्फी, श्रीखंड, तुपाचा डबा सगळं घरी ठेवायचं. ताजी फळं-भाज्याही जवळपास सगळ्या बाद, त्यात मिरच्या आणि कढीपत्ता आला. केळी, नारळ, खजूर, अननस अशी थोडीच फळं सुटतात. भडंग, चकल्या, तेलावरचे खाकरे, कोरडी चटणी नेता येते. पण आठ दिवसांचा चिवडा नेऊन रोज रात्री खोलीत खाणार असाल तर मग पाहायला जाता तरी कशाला? एक डबा पुरे. रात्री भूक नसेल तर पिंगो दोस किंवा कोंतिनेंतसारख्या सुपरमार्केटातून पाव, चीज, फळं, दही आणा. त्यांच्याकडे वजनावर गरम जेवणही मिळतं.

शेंगेन व्हिसासाठी सहा महिने आधीपासून अर्ज करता येतो, आणि निघण्याच्या किमान पंधरा दिवस आधी तो दाखल झालेला हवा. सुट्टीच्या हंगामात अपॉइंटमेंटच मिळत नाही, म्हणून तीन महिने हाताशी ठेवा. जून २०२४ पासून मोठ्यांची फी ९० युरो आहे. किमान ३०,००० युरोंचा वैद्यकीय विमा लागतो. हॉटेलच्या बिलात शहराचा कर वेगळा दिसेल: लिस्बनमध्ये दर माणशी दर रात्री ४ युरो, पोर्तोत ३. त्यावरून रिसेप्शनवर वाद घालू नका.

गोव्याची चव लिस्बनमध्ये मुद्दाम शोधा. कॅफेच्या काचेच्या कपाटात पेस्ट्रींच्या शेजारी ‘शामूसा’ दिसतो. तिकोनी, पातळ पापुद्र्याचा, आत बहुधा मसालेदार मांस. गोव्याहून आणि मोझांबिकमार्गे आलेल्या कुटुंबांनी तो तिथे रुजवला. शाकुती, सारापातेल मिळणारी छोटी गोवेकर हॉटेलंही आहेत. बटाटा, मिरची, काजू पोर्तुगीजांनीच समुद्रमार्गे आपल्याकडे आणले. तिकडे गेलेल्या मसाल्याचं त्यांनी काय केलं, ते एका जेवणात कळतं. अशी हॉटेलं लहान असतात, संध्याकाळी फोन करून टेबल ठेवायला सांगा.

जाण्याचे महिने एप्रिल ते जून आणि सप्टेंबर-ऑक्टोबर. नोव्हेंबर ते फेब्रुवारी पाऊस असतो, पण ११ नोव्हेंबरच्या साओं मार्तिन्युच्या सुमाराला रस्त्यावर भाजलेल्या चेस्टनटांचा धूर असतो. १२ जूनच्या रात्री लिस्बनमध्ये सांतू आंतोनियूचा सण. आल्फामाच्या अरुंद गल्ल्यांत दारोदारी कोळशावर सार्डिन, पावाच्या तुकड्यावर वाढलेली, हातानंच खायची, आणि पावात मुरलेलं तेल शेवटी. लहान मुलं बरोबर असतील तर साडेसातलाच जाऊन नऊच्या आत परत फिरा. त्यानंतर गल्लीत पाय ठेवायला जागा नसते. त्या आठवड्यात खोल्या फार महाग होतात. हा सण गाठायचा असेल तर व्हिसाच्या तारखेच्याही आधी खोली धरा, मात्र रद्द केल्यास पैसे परत मिळतील अशीच.